आक्कांचा दसरा

एसटी नसरापूर सोडून मार्गासनीच्या रस्त्याला लागली, की माझी दोन्ही मुलं खिडकीसाठी भांडायला लागायची. आत्या आधी कोणाला दिसणार यावरून. खरं तर भांडायचं काही कारण नव्हतं, कारण आक्का दिसायच्या आधी ऐकू यायच्या. थांब्याच्या अलीकडेच त्यांचं भाताचं खाचर होतं. नवरात्र संपत आलेलं असायचं, भात निसवून लोंब्या धरलेलं असायचं आणि पाखरं हाकलायला आक्का खाचरातल्या माळ्यावर, लाकडाच्या उंच मचाणावर, उभ्या असायच्या. त्यांचा आवाज एसटीच्या इंजिनाला दाबून आमच्यापर्यंत पोचायचा.

"हाऽऽऽ! मुडद्यांनो, तुमच्या बापानं लावलंय व्हय?"

कंडक्टर हसून माझ्याकडं बघायचा. "चला, उतरा बाई. आल्या तुमच्या वन्सं."

आक्का म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. उंच, काळ्या, हाडापेरानं मोठ्या. पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला, की तो सोडताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या माहेरी परत आल्या. आल्या त्या एका आजारी बापाकडं आणि एका लहान भावाकडं. बाप गेल्यावर खाचर त्यांनी हाती घेतलं आणि भावाला भोरला शाळेत घातलं. तो भाऊ शिकून खडकीच्या कारखान्यात लागला, मग मी त्या घरात आले. मी पुण्यात वाढलेली, सातवी झालेली. लग्नात आक्कांनी मला खालून वर एकदा बघितलं आणि विचारलं, "कमल, भात लावाया येतं का गं?" मी नाही म्हटलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मंग खाया तरी येत असंल." त्या दिवसापासून मला त्यांची भीती कधी वाटली नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. मुलं शाळेत जात नव्हती तोवर आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावी जायचो. मिस्टर दोन दिवस राहून कामावर परत जायचे आणि मी मुलांना घेऊन दिवाळी उलटेपर्यंत तिथंच. सुजाता पाच वर्षांची आणि राहुल साडेतीन, असे ते दिवस माझ्या डोक्यात पक्के बसलेत. पुढं शाळा सुरू झाली तरी दसऱ्याची वारी आम्ही चुकवली नाही. मास्तरांना काहीबाही सांगून सुट्टी काढायचो, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर पुन्हा जायचोच.

एसटीतून उतरलं की दुसरी कोणी आत्या पोरांना उराशी धरेल, मुके घेईल. आक्का तसलं काही करायच्या नाहीत. माळ्यावरून उतरायच्या, आमच्या समोर येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आलासा? बरं झालं. कामं लई पडल्याती." आणि लगेच कामं वाटायच्या. सुजाताकडं कोंबड्या. राहुलकडं माळा. साडेतीन वर्षांचं पोर त्या उंच माळ्यावर आत्याच्या मांडीत बसून दिवसभर पाखरांवर ओरडायचं. त्याला दिलेलं काम खोटं नव्हतं. पाखरू उठलं नाही तर आक्का त्याला मोठ्या माणसासारखं विचारायच्या, "राहुल, त्या कोपऱ्यात बसलेलं तुला दिसलं न्हाई का?" त्यानं मान खाली घातली की म्हणायच्या, "असू दे. ऊन डोळ्यावर येतंय. आपून जागा बदलू."

त्या नोकरीचा परिणाम आम्हाला पुण्यात भोगावा लागला. बालवाडीत बाईंनी फळ्यावर चिमणी काढली, तसा आमचा चिरंजीव उभा राहिला आणि सगळ्या वर्गासमोर त्या चिमणीचा बाप काढला. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी शरमेनं अर्धी झाले. पुढच्या वर्षी हे आक्कांना सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंग उठली का चिमणी?"

मुलांचं म्हणणं ऐकायची त्यांची एक रीत होती. मूल काही सांगायला आलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या. विळा असो, सूप असो, पीठ मळणं असो. हात पुसून त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि पूर्ण ऐकून घ्यायच्या. शेवटी म्हणायच्या, "बरं. मंग काय करायचं म्हणतुयास?" मी माझ्या मुलांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आम्ही आपलं "गप बस" म्हणायचो.

आता आमच्या दसऱ्याचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. वस्तीतल्या घराघरातून जुने देव गेले होते आणि भिंतीवर दोन तसबिरी आल्या होत्या. दसऱ्याचा दिवस आमच्यासाठी दीक्षेचा दिवस. सकाळी वस्तीतली सगळी माणसं पांढरे कपडे घालून निघायची. नसरापूरपर्यंत बैलगाड्या, तिथून मिळेल ती गाडी, आणि भोरला सभा. आक्का बायकांच्या पुढं चालायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण वंदना सगळी पाठ होती. ती त्या पाखरं हाकलायच्याच आवाजात म्हणायच्या. सभेत पुढं बसलेली माणसं मागं वळून बघायची. आक्कांना त्याचं काही नव्हतं. "आपल्यासाठी म्हणायचं तर हळू कशापायी?" असं त्यांचं म्हणणं.

आणि भोरहून परत आलं की त्याच संध्याकाळी आक्का चूल पेटवून करंज्या तळायला बसायच्या.

दसऱ्याला करंज्या कोणी करत नाही. एका वर्षी मी तसं म्हणालेही. "आक्का, करंज्या दिवाळीच्या असतात."

"आपली दिवाळी न्हाई न्हवं. आपला ह्योच सण."

"पण करंजी म्हणजे..."

"करंजीला काय जात असती व्हय गं? पीठ, खोबरं आन् गूळ. लाट तू."

मी लाटायला लागले. सुजाता काठ दाबत होती, राहुल सारण खात होता. तेव्हा मला आक्कांची एक सवय दिसली. तेलात एखादी करंजी फुटली, काठ उकलला, की ती त्या बाजूला काढायच्या. फुटलेली करंजी पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत. राहुलनं एकदा तसली उचलली, तर त्यांनी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि चांगली अख्खी दिली. फुटक्या सगळ्या त्या स्वतः खायच्या. मला वाटलं, काटकसरी बाईचा नीटनेटकेपणा, दुसरं काय.

त्याचं कारण मला दोन दिवसांनी कळलं. आम्ही दोघी अंगणात तांदूळ पाखडत होतो आणि मी सहज विचारलं.

आक्कांनी सूप थांबवलं नाही. "आमी ल्हान व्हतो तवा दिवाळीला आई आमाला वरच्या आळीला न्यायची. मागाया. टोपलं घिऊन परड्याच्या दारी उभं ऱ्हायचं. शिवायचं न्हाई न्हवं, म्हून तिथल्या बाया वरनं टाकायच्या. चकली असू दे, करंजी असू दे, समद्याचा चुरा व्हायचा. म्या घरी आल्यावर ते तुकडे जोडून बघायची, अख्खी कशी दिसत असंल म्हून." मग सूप आपटून म्हणाल्या, "दीक्षा झाल्यावर पयल्या दसऱ्याला म्या माझ्या हातानं करंजी केली. ती तेलात फुगून वर आली न्हवं, तवा म्या पयल्यांदा अख्खी करंजी हातात धरली."

माझं सूप थांबलं. त्या म्हणाल्या, "खडे नीट बघ. पोरांच्या दाताखाली येत्यात."

दिवाळी आली की मात्र पंचाईत व्हायची. वरच्या आळीत आकाशकंदील लागायचे, फटाके उडायचे, तळणीचा वास वाऱ्यावर खाली यायचा. आमच्या वस्तीत अंधार. वस्तीचा ठराव होता: दिवाळी पाळायची नाही, फराळ करायचा नाही आणि गावात मागायला तर मुळीच जायचं नाही. ठराव करणारे धोंडिबा अण्णा म्हणजे वस्तीतले वडीलधारे, पलटणीतून परत आलेले, मिशा ताठ. त्यांचं चूक नव्हतं. इतकी वर्षं पदर पसरल्यावर एकदा तरी तो घट्ट आवळून धरावाच लागतो. पण साडेतीन वर्षांच्या पोराला ठराव कसा कळणार? राहुल तो वास घेऊन रडायला लागला.

आक्कांनी हातातलं काम ठेवलं, त्याचं ऐकून घेतलं आणि आत जाऊन पत्र्याचा डबा आणला. त्यात दसऱ्याच्या करंज्या काठोकाठ भरलेल्या होत्या. भरपूर केल्या होत्या त्या उगीच नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

पोरं करंज्या खात बसली आणि नेमके अण्णा दारात आले.

"आक्का, ह्यो फराळ कशाचा?"

"फराळ न्हाई अण्णा. आमच्या दसऱ्याचं शिळं हाय. टाकून देऊ व्हय अन्न?" असं म्हणून आक्कांनी एक करंजी त्यांच्या हातावर ठेवली.

अण्णांनी ती खाल्ली. मिशीला लागलेलं खोबरं पुसलं. थोडा विचार केला. "शिळ्या म्हणतीस, पर चांगल्या खुसखुशीत हायती की." आणि दुसरी घेऊन गेले. तेव्हापासून वस्तीतल्या सगळ्याच बायका दसऱ्याला करंज्या करू लागल्या आणि दिवाळीत सगळ्यांच्याच घरात शिळं निघू लागलं.

किल्ल्याचंही तसंच झालं. सुजाता सात वर्षांची झाली तेव्हा तिला किल्ला हवा झाला. वरच्या आळीतल्या मुलांनी बांधलेला तिनं लांबून पाहिला होता. अण्णा म्हणाले, किल्ला म्हणजे दिवाळी. आक्का म्हणाल्या, "किल्ला म्हंजे माती, अण्णा. समोर त्यो तोरणा उभा हाय, त्यो काय फकस्त दिवाळीतच उभा असतुया?" आणि लाल मातीची पाटी भरून अंगणात ओतली.

आमच्या अंगणातला तो किल्ला मोठा झाला, कारण त्याला वेळेचा आणि चिखलाचा तुटवडा नव्हता. तो बघायला वरच्या आळीतली एक मुलगी यायला लागली. बेबी तिचं नाव, सुजाताएवढीच. तिच्या घरचं भात आक्कांच्या खाचराला लागूनच होतं आणि तिची आई शांताबाई तिथं कापणीला असायची. आई कापणीत गुंतली की बेबी बांध ओलांडून आमच्याकडं. पहिल्या दिवशी ती अंगणाच्या कडेला उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. आक्कांनी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिलाही काम दिलं. "तू धोंडे आण. ल्हान, चपटे."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी बेबीनं बांधाच्या ढिगातला एक दगड उचलला आणि किंचाळली. विंचू होता, तांबडा. आमच्या त्या डोंगरपट्ट्यात या विंचवानं चांगली धट्टीकट्टी मुलं गेलेली लोकांनी पाहिली होती. आधी ती हात धरून रडत होती. मग रडणं थांबलं आणि तिला दरदरून घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडायला लागले.

आक्का चुलीपासून उठून बाहेर आल्या. एकदा बघितलं. "कमल, तू खाचराकडं पळ. तिच्या आईला सांग, नसरापूरला दवाखान्यात नेली म्हणावं."

"आक्का, पण त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही तिला..." मला पुढं बोलवेना. त्या गावात आम्ही वरच्या आळीच्या मुलाला शिवायचं नसतं, हे मला पुण्याच्या मुलीलाही ठाऊक होतं. त्याचं काय होऊ शकतं, तेही.

"इचारायला येळ हाय का?" आक्का म्हणाल्या. तोवर पोर त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्या रस्त्याच्या दिशेनं निघालेल्या होत्या. मी शेजारणीला मुलांकडं बघायला सांगितलं आणि खाचराकडं धावले.

शांताबाई वाकून कापत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिच्या हातातला विळा पडला. "कुणाकडं हाय पोरगी?"

"आक्कांकडं."

ती तशीच पळत सुटली. तिचा नवरा सणाच्या बाजाराला भोरला गेलेला. दिराला हाका मारून, गाडी जुंपून ती निघेपर्यंत बराच वेळ गेला.

पुढचं मला आक्कांनी नंतर सांगितलं. रस्त्यावर वाळूचा एक ट्रक येत होता. हात करून तो थांबेना, म्हणून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या आणि पोरीकडं बघून दार उघडलं.

"टरकात पाणी मागत व्हती गं सारखी," आक्का सांगत होत्या. "डायवरची बाटली व्हती. म्या इचार केला, माझ्या हातचं पाजलं तर उद्या काय व्हईल? मंग म्हणलं, उद्या असलं तर व्हईल की. पाजलं."

डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. शांताबाई पोचली तेव्हा आक्का मुलीच्या खाटेशी बसल्या होत्या. आईला बघताच त्या उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. कोणी त्यांना जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. मुलगी वाचली असं डॉक्टरनं सांगेपर्यंत त्या तिथंच होत्या. सकाळच्या एसटीनं परत आल्या, चहा घेतला आणि विळा उचलून खाचरात गेल्या. मी म्हटलं, "आक्का, थोडं पडा." तर म्हणाल्या, "भात पडलं तर कोण उचलील?"

दोन दिवस वस्ती दबकून होती. वरून काय येतंय याची वाट बघत. पाणी पाजल्याचं सगळ्यांना कळलं होतं. अण्णांनी तर रात्रीची राखण लावायची भाषा सुरू केली होती.

भाऊबीजेच्या दिवशी शांताबाई आली. एकटी, बेबीचा हात धरून. दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट. वस्तीतल्या प्रत्येक दारात माणूस उभं राहिलं. वरच्या आळीची बाई सणाच्या दिवशी ताट घेऊन वस्तीत आलेली कोणी कधी पाहिली नव्हती. ती सरळ आमच्या अंगणात आली, मोडक्या किल्ल्याला वळसा घालून.

"आक्का, पोरीच्या हातनं धाडणार व्हते. पर म्हणलं, आपूनच जावं तुमच्याकडं."

वरच्या आळीत आक्कांना नाव तोडून 'ए यमे' म्हणायचे. तुमी म्हणणारी ही पहिलीच.

आक्कांनी ताटाकडं बघितलं. "शांताबाई, ह्या घरात आता दिवाळीचं मागून आणत न्हाईत."

"मागितलं कुटं तुमी? म्या आणलंया."

अण्णा आपल्या दारातून बघत होते. मला वाटलं, आता आक्का नको म्हणतील. त्या आत गेल्या. आल्या त्या आमचं एक ताट आणि पत्र्याचा डबा घेऊन. शांताबाईच्या ताटातला फराळ त्यांनी एकेक करून, काही न मोडता, आपल्या ताटात काढून घेतला. मग डब्यातल्या करंज्या तिच्या ताटात रचल्या.

"तुमचं म्या ठिवून घेती. हे तुमी न्या. न्हेणार नसला तर तुमचं बी उचला. माझा राग न्हाई."

शांताबाईचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "घरी सासूबाई हायत्या."

"ठावं हाय," आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, पण ताटही त्यांनी मागं घेतलं नाही.

मोठी माणसं अशी अडून बसली असताना बेबीनं हात पुढं केला. विंचू चावलेलं बोट अजून सुजलेलं, त्यावर चिंधी. तिनं करंजी उचलली आणि कडकन चावली. शांताबाईचा हात वर आला. मला वाटलं, आता ही हिसकावून घेते. तिनं पोरीच्या हनुवटीवरचं खोबरं पुसलं. मग ती खाली बसली, आमच्या शेणानं सारवलेल्या ओट्यावर, आणि ताटातली एक करंजी घेऊन खायला लागली. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

थोड्या वेळानं म्हणाली, "गूळ घातलाय व्हय? आमी साखर घालतो."

"गूळच घालावा," आक्का म्हणाल्या. "साखरंनं दात दुखत्यात."

आणि मग त्या दोघी भाताबद्दल, विळ्याच्या धारेबद्दल, बोलत बसल्या.

ती गेल्यावर अण्णा आले. "आक्का, आपलं ठरलं व्हतं न्हवं?"

"मागून खायचं न्हाई असं ठरलं व्हतं, अण्णा. अदलाबदल करायची न्हाई असं कुटं ठरलं व्हतं?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि गेले. मुलं फराळावर तुटून पडली. आक्कांनी त्यातली एक करंजी उचलली आणि खाण्याआधी उलटीपालटी करून बघितली. "अख्खी हाय," त्या म्हणाल्या. मला नव्हे, कोणालाच नव्हे.

यानंतर गाव बदललं असं मी सांगणार नाही. शांताबाईची सासू तिच्याशी कित्येक दिवस बोलली नाही. घरी नेलेल्या करंज्या सासूनं म्हशीला घातल्या. हे बेबीनंच सुजाताला सांगितलं, आणि म्हशीला त्या फार आवडल्या हेही. पाणवठा पुढं बरीच वर्षं वेगळाच राहिला. पण दर दसऱ्याच्या संध्याकाळी बेबी आमच्या चुलीशी माझ्या मुलांच्या मधे बसलेली असायची. शांताबाई कधी यायची, कधी तिला येता यायचं नाही. आक्का त्याचा हिशेब ठेवत नव्हत्या.

एकदा मी आक्कांना हट्टानं पुण्याला आणलं. त्यांचा हात भाजला होता, म्हटलं चार दिवस आराम करतील. त्यांना आमची खोली आवडली, वीज आवडली, नळ मात्र आवडला नाही. चाळीतल्या कोणाचाही नळ गळत असला की त्या जाऊन बंद करून यायच्या, आत बाई कपडे धूत असली तरी. मुलं शाळेत गेली की त्यांना करमायचं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कमल, हितं पोरांना कायच काम न्हाई गं. बिचारी नुसती शिकत्यात." आणि एसटीनं निघून गेल्या.

वर्षं गेली. सुजाता हायस्कूलला गेली, राहुलचा आवाज फुटला. आक्का वाकल्या. गुडघे धरून माळ्यावर चढायच्या. हे दर वर्षी म्हणायचे, खाचर वाट्यानं दे आणि आमच्याकडं ये. त्या म्हणायच्या, "बघू पुढच्या दसऱ्याला."

आक्कांबरोबरची आमची शेवटची दिवाळी अशीच गेली. भात कापून झालेलं होतं, झोडणी अर्धी बाकी होती, खळ्यावर भारे उघडे पडले होते. ज्या दिवशी आम्ही निघणार, त्या सकाळी अचानक आभाळ भरून आलं. आक्का नेहमी थांब्यापर्यंत पोचवायला यायच्या. त्या दिवशी त्यांनी दारातच आम्हाला निरोप दिला. राहुल म्हणाला, "आत्या, मी थांबतो, झाकायला मदत करतो." त्यांनी त्याच्याकडं मान वर करून बघितलं, कारण तो आता त्यांच्यापेक्षा उंच झाला होता. "तुजी परीक्षा हाय. जा तू. म्या बघती."

एसटी खळ्याजवळून गेली तेव्हा आम्ही सगळे एकाच बाजूला सरकलो. आक्का खळ्यावर होत्या. पेंढ्याच्या तट्ट्या ओढून भाऱ्यांवर टाकत होत्या. वाऱ्यानं एक उडाली, ती त्यांनी पायानं दाबून धरली. मुलांनी खिडकीतून "आत्याऽऽ" अशा हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेल्या नसाव्यात. त्यांनी कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि त्या आभाळाला काहीतरी सुनावत होत्या. काय, ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसले. मग वळण आलं.

चैत्रात त्या गेल्या. दोनच दिवस ताप आला म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. शांताबाई आमच्या ओट्यावर बसली होती. तिनंच मला सांगितलं, की दिवाळीत आम्ही निघालो त्या दिवशी पाऊस पडला नाही, आभाळ तसंच निघून गेलं. भात सगळं कोरडं घरात आलं होतं. आमच्या वाट्याची पोती आक्कांनी तोंड शिवून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. ती आम्ही पुण्याला आणली आणि त्या वर्षी श्रावण सरेपर्यंत रोज त्यांच्याच हातचा भात खाल्ला.